पालथी थाळी

नोला ट्रिलोरच्या हातचं खाऊन बिलाबारा गावात कुणी उपाशी उठला नाही, आणि नावं ठेवल्याशिवायही कुणी उठला नाही. मटण वातड, बटाट्यांचा लगदा, चहा असा की त्यात चामडं कमवावं. हे सगळं तिच्या तोंडावर म्हणायची रीत होती. तिच्या माघारी मात्र कुणी वाकडं बोललं, तर दुसरा त्याला बाह्या सरसावून अंगणात बोलवायचा.

तीसेक वर्षं बाई लोकर कातरणीच्या शेडांवर रांधत हिंडली. त्यातली निम्मी वर्षं मी त्याच टोळीबरोबर लोकरीचे गठ्ठे दाबायच्या कामावर होतो, तेव्हा हे ऐकीव नाही. आता माझा मणका कामातनं गेला. मी टपालाची गाडी चालवतो आणि फेरी संपली की चहाला नोलाच्या स्वयंपाकघरात टेकतो. ती मला लंब्या म्हणते. मी बुटका आहे. तिला सगळा गाव कुकी म्हणतो. आणि तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं नाव मालक. "मालकाला हाड म्हणायची हौस ऱ्हायली हुती," असं ती सांगते.

आमच्या वेळी मेस कातरणाऱ्यांची असायची. मेंढ्या मालकाच्या, शेड मालकाची, पण चूल आपली. हंगामाच्या आदल्या दिवशी टोळी बाकांवर बसायची, आचारी पुढं उभा राहायचा, आणि हात वर करून ठरायचं, ह्याला ठेवायचा का घालवायचा. त्याचा पगार आणि शिध्याचा खर्च माणशी वाटून जो तो भरायचा. नोला पहिल्यांदा अशी पुढं उभी राहिली तेव्हा मागनं कुणीतरी ओरडलं, "बाईला झेपंल का एवढ्या गड्यांचं?"

"तुज्या आईला तू झेपलास," नोला म्हणाली, "मग मला ही चाळीस काय जड न्हाईत."

सगळे हात वर. ओरडणाऱ्याचा सगळ्यांच्या आधी.

तिच्या मेसात नियम दोनच. चुलीजवळ कुणी यायचं नाही. आणि ज्यानं वाटणीचे पैसे दिले नाहीत त्याची थाळी टेबलावर पालथी. ओरडणं नाही, चारचौघांत मागणं नाही. गडी हात धुऊन यायचा, आपली थाळी पालथी बघायचा आणि मुकाट्यानं खिशात हात घालायचा.

एके वर्षी अवेळी पाऊस लागला नि मेंढ्या भिजल्या. ओल्या मेंढ्या कातरायच्या का नाहीत ह्यावर टोळीचं मत घ्यायचं असतं. ओल्या लोकरीनं हाडं धरतात, माणूस आजारी पडतो. मालकाला घाई होती. मत पडायच्या आधी त्यानं आमच्या चुलीवर सोललेली कोकरं आणि बिअरची खोकी धाडून दिली, फुकट. आमच्या तोंडाला पाणी सुटलं. नोलानं सगळं आल्या गाडीत परत चढवलं.

"त्येचं खाल्लं की त्येचं ऐकावं लागतंय," ती म्हणाली. "हितं जो तो आपलं खातोय, म्हणून जो तो आपलं मत देतोय."

तिच्यावर तेव्हा आम्ही दोन दिवस दात खाल्ले. मेंढ्या वाळेपर्यंत कातरल्या नाहीत, ते सोडा.

अशी ही बाई. सत्तरी ओलांडल्यावर बिलाबाराला येऊन टेकली. धान्याच्या कोठारामागं पत्र्याचं घर, आणि परसात निलगिरीखाली जुनी कॅरॅव्हॅन, गाडीमागं ओढत न्यायची चाकांवरची खोली, जिच्यात झोपून तिनं अर्धा मुलूख पालथा घातला होता. नवरा नाही, पोर नाही, दोन्ही गोष्टींना वेळ झाला नाही म्हणायची. शेडवर जो हिशोब तिला पक्का ठाऊक होता तो मात्र घरात आल्यावर ती विसरली. दारात आला त्याला बसवायचं, वाढायचं, आणि पैशाचं नाव काढलं की अंगावर जायचं.

टेगन हॉस्किन्स तिला सापडली ती जत्रेच्या मैदानावर. नोला तिथं टोमॅटोंना घालायला घोड्यांची लीद गोळा करायला जाते. एका सकाळी गुरांच्या गोठ्यांमागं एक मोडकी गाडी उभी, काचा आतनं वाफेनं पांढऱ्या झालेल्या. नोलानं फावड्याच्या दांड्यानं काच वाजवली.

"जिती हायस का मेलीस?"

आतनं आवाज आला, "झोपलीय."

"जेवलीस?"

"व्हय."

"काय जेवलीस?"

"चिप्स."

"त्ये जेवाण न्हवं. ऊठ."

पोरगी एकोणीसची. हायवेवरच्या खाणावळीत प्लेटा उचलायची. मालकानं जागा विकली, खाणावळ बंद पडली. पगार थांबला तसा घरचा डॅरिल तिच्यावर उठला. डॅरिल म्हणजे तिच्या आईनं नवा केलेला नवरा. खाणीवर कामाला, पगार दांडगा, हात त्याहून दांडगा. एका संध्याकाळी त्यानं तिचे कपडे कचऱ्याच्या पिशव्यांत कोंबून रस्त्यावर ठेवले. आई खिडकीत उभी होती. ती बाहेर आली नाही.

नोलानं ह्यातलं काही विचारलं नाही. पोरगी मटणाच्या चापा खात खात आपणच बोलली. नोलानं कॅरॅव्हॅनमधली बियाण्यांची पोती बाहेर काढली, गादी उन्हात टाकली, आणि संध्याकाळी बिऱ्हाड लागलं.

महिनाभरात टेगन तिला आज्जे म्हणायला लागली. आधी चेष्टेनं. "आज्जे, तुझं मटण बुटाला शिवायला चाललं असतं." मग ती चेष्टा तशीच अंगवळणी पडली. नोला काही म्हणाली नाही, पण मी बघितलं, तेव्हापासनं तिच्या चहात साखर जास्त पडायला लागली. माझ्या नाही. टेगनच्या.

आता भत्त्याचं ऐका, कारण सगळं त्याच्यावर अडलं होतं.

टेगन काम शोधत होती. बिलाबारात काम नाही. जे काही आहे ते तास-दीड तासाच्या अंतरावर, आणि तिथवर जायला पेट्रोल पाहिजे, टायर पाहिजेत. बेकार भत्ता तिला मिळत होता, पण नावाला. अशा लहान वयाच्या पोरांचं सरकार आधी घर बघतं. घरचे कमावते असले तर पोराचा भत्ता कापतं. डॅरिलचा पगार दांडगा, म्हणून कागदावर टेगन खात्यापित्या घरची लेक. ज्यानं तिला रस्त्यावर काढलं, त्याच्याच पगारानं तिचा भत्ता खाल्ला. पंधरवड्याचा भत्ता हातात आला की टाकी भरायची आणि पुढच्याची वाट बघायची.

सुटका एकच. पोर स्वतंत्र राहतं, घरी राहणं त्याला शक्यच नाही, असं भत्त्याच्या कचेरीला पटलं पाहिजे. मग घरच्यांचा पगार मोजत नाहीत, आणि दर वेगळा लागतो, चांगला. त्यात पोरगी आपलं भाडं भरू शकते, गाडी चालू ठेवू शकते, चार ठिकाणी काम मागायला जाऊ शकते. नाहीतर दोनच रस्ते. परत डॅरिलचं दार, नाहीतर परत ती गाडी.

टेगनच्या जुन्या शाळेतल्या मास्तरीणबाईनं डॅरिलबद्दल लिहून दिलं, तेवढ्यानं पहिली पायरी झाली. मग कचेरीतल्या बाईनं, फेलिसिटी तिचं नाव, नोलाला फोन लावला. टेगन त्या दिवशी कामाच्या चौकशीला बाहेर गेलेली. मी टेबलाशी चहा पीत होतो. नोलाचा फोन भिंतीवरचा, आणि तिला कमी ऐकू येतं म्हणून आवाज सगळ्या घरात.

"टेगन तुम्हाला भाडं देते का?"

"भाडं?" नोलाच्या मानेच्या शिरा फुगल्या. "गळक्या खोलीचं भाडं? मला काय समजलीस तू?"

"तसं नाही, मला फक्त विचारायचं आहे. जेवणखाण ती स्वतः बघते?"

"अगं बाळा, मी चाळीस गडी पोसल्यात. ही चिमणीएवढी पोर मला जड हाय व्हय?"

"म्हणजे तिची सगळी काळजी तुम्हीच घेता, असं म्हणायचं का?"

"सगळी. दात दुखला तर मी नेलं. बूट मी घेतलं. माजी पोटची असती तर ह्याहून काय येगळं केलं असतं?"

"आणि हे असंच पुढंही चालणार?"

"मी मरंपातूर."

फोन ठेवून नोला माझ्याकडं वळली, तोंड असं फुललेलं जसं शेडवर सगळे हात वर झाले. "ऐकलंस? असं वजन टाकलंय पोरीच्या मागं की सरकार आता वर आणि काय तरी दील."

आणि मीही मान हलवली. तेच मला आजही हसू आणतं. आम्हा शेडवरच्या माणसांना एवढंच ठाऊक. कामावर लावायचं तर कुणीतरी पुढं होऊन म्हणावं लागतं, हा आमचा आहे, ह्याची जबाबदारी माझी. तसं म्हणणारा कुणी नसला तर तुला कुत्रं विचारत नाही. जेवढं वजन टाकशील तेवढं बरं. कचेरीचा नियम त्याच्या उलट चालतो, हे आमच्या डोक्यात कसं येणार?

आठवड्याभरानं उत्तर आलं. टेगन टेबलाशी उभी राहून फोनवरच वाचत होती. वाचलं आणि फोन हळूच खाली ठेवला.

"नाकारलं," ती म्हणाली.

"का म्हनून?" नोला चुलीपासनं वळली.

"तुझ्यामुळं."

"माज्यामुळं? मी तर तुझं गुणगान गायलं!"

"तेच. घरात राहता येत न्हाई हे त्यांला पटलं. पण मी स्वतंत्र न्हाई. माझं सगळं करणारं मोठं माणूस हाय, म्हंजे आईबापाच्या जागी. असं माणूस असलं की तो दर मिळत न्हाई." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "तू मला दत्तक घेतलंस, आज्जे. विचारायचं तरी."

"मग काय म्हनायला पायजे हुतं मी? उपाशी ठेवते म्हनू?"

"भाडं घ्यायचं हुतंस! मी किती डाव दिलं, तू माझ्या खिशात परत कोंबलंस!"

"माज्या दारात खाल्ल्याचं पैसं..."

"मला तुझ्या दारात खायचंच न्हाई!"

दार आपटून ती परसात गेली. नोला चमचा हातात धरून उभी राहिली. मग माझ्यावर घसरली. "तू काय बघतोस रं लंब्या? गिळ की."

त्या दिवसापासनं टेगन टेबलाशी येईना. स्वतंत्र राहायचं ना, मग राहून दाखवते, असं म्हणून तिनं कॅरॅव्हॅनच्या पायरीवर गॅसची शेगडी मांडली आणि पाकिटातल्या शेवया उकळायला लागली. सकाळी शेवया, संध्याकाळी शेवया. कोंबडीच्या मसाल्याचा तो वास परसातनं थेट स्वयंपाकघरात यायचा. चाळीस गड्यांचा आचारी आपल्या खिडकीत उभा राहून दुसऱ्याच्या शेवयांचा वास घेतोय, ह्याहून मोठी शिवी त्या बाईला आजवर कुणी दिली नव्हती.

"त्यात मीठ किती असतंय ठाव हाय का?" ती मला विचारायची, मोठ्यानं, खिडकीतनं ऐकू जावं असं. "मूतखडा हुईल कुणालातरी."

बाहेरनं उत्तर यायचं, तेही मलाच. "लंब्या, कुणालातरी सांग, मूतखडा झाला तर तो माझा स्वतंत्र असंल."

मालक कुत्रं तेवढं फितूर झालं. दोन्हीकडं जेवायला लागलं आणि खाऊन खाऊन जाडं झालं.

असं थोडे दिवस गेले. टेगनची गाडी बंद पडली, टायर गेला. एक दिवस मी टपाल घेऊन आलो तर तिच्या कपड्यांच्या पिशव्या कॅरॅव्हॅनच्या पायरीवर. तीच काळी प्लॅस्टिकची पोती.

"कुठं?" मी विचारलं.

"आईला फोन केला. डॅरिल म्हनतोय, माफी माग आणि ये."

"कशाची माफी?"

"ते त्यानं सांगितलं न्हाई." तिनं खांदे उडवले. "उद्या घ्यायला येतोय."

मी स्वयंपाकघरात गेलो. नोलाला सगळं ठाऊक होतं. मटणावर अशी सुरी चालवत होती जसं त्यानंच काही केलं होतं.

"जाऊ दे की," ती म्हणाली. "माज्या दारात खायचं न्हाई म्हनली ती. तुझ्यासमोर म्हनली."

"नोला, तुझ्या मेसात कुणी फुकट जेवलंय का?"

"काय इचारतोस? न्हाई."

"आणि तुझ्या मेसातलं कुणी तुझं लेकरू होतं?"

"एवढी येडी न्हवते मी."

"मग त्या चाळीस गड्यांना कुणी परावलंबी म्हणालं का कधी? जो तो आपलं भरायचा आणि तुझ्या हातचं खायचा. ती कोकरं परत धाडलीस ते का? तूच म्हणालीस, त्याचं खाल्लं की त्याचं ऐकावं लागतं. मग ही पोरगी कुणाचं खाते? आणि कुणाचं ऐकते?"

नोलाची सुरी थांबली. मला वाटलं आता सुरीच फेकून मारते. तिनं हात पुसले, फळीवरची शेडवरची जुनी पितळी घंटा काढली, दारात गेली आणि दणादणा वाजवली. तीस वर्षं जेवणाची घंटा वाजवलेला हात तो. कोठारावरची कबुतरं उडाली.

टेगन कॅरॅव्हॅनमधनं धावत आली. "काय पेटलं?"

"बस," नोलानं बाक दाखवला. "लंब्या, तू बी बस."

बसलो. ती आमच्यासमोर उभी राहिली, एप्रन नीट केला, हात पाठीमागं बांधले. इतक्या वर्षांनी मी तिला तशी उभी बघितली आणि एकदम मलाच अवघडल्यासारखं झालं.

"मी आचारी हाय," ती म्हणाली. "मटण वातड हुतंय, बटाटं मऊ. ही मेस हाय. शिधा आणि खोली माणशी वाटून. ठेवायची असंल तर हात वर करा. न्हाईतर मी माजा तवा उचलून चालली."

टेगन माझ्याकडं बघायला लागली. मी हात वर केला होता.

"ह्यात मी तुझी कोण?" तिनं नोलाला विचारलं.

"मेसातला गडी."

"आणि तू माझी?"

"आचारी. आज्जे म्हनायचं बंद. कुकी म्हनायचं, जसं सगळी म्हनत्यात. लाड न्हाईत. वाटणी आली न्हाई तर थाळी पालथी. जमतंय?"

पोरीच्या डोळ्यांत काय होतं ते मी बघितलं नाही, मी कुत्र्याकडं बघत होतो. मग तिचा हात वर आला. आधी कोपरापर्यंत, मग पुरता.

"मत पडलं," नोला म्हणाली. "पिशव्या आत न्ये. पायात येऊन पडंल कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी डॅरिल आला, फाटकाशी हॉर्न वाजवत राहिला, आणि नोलानं त्याला लीद भरलेली बादली हातात घेऊनच पाणी हवंय का विचारलं. तो गेला.

पुढचा तुटपुंजा भत्ता आला तशी टेगननं त्यातनं पहिल्यांदा नोलाची वाटणी टेबलावर ठेवली. नोलानं ती खरंच घेतली. मी बघत होतो. तिनं दातओठ खाल्ले, पण घेतली, मोजली आणि बरणीत टाकली. आपली भांडी पोरगी आपण घासायची, आपले कपडे आपण धुवायची. दात परत दुखला तेव्हा दवाखान्याची वेळ तिनं स्वतः ठरवली. शेजारणीनं "तुझी नात बरी दिसतीय" म्हटलं, तर नोला म्हणायची, "नात न्हाई. मेसात हाय." हे नाटक नव्हतं. नोलाला नाटक येत नाही. एकदा मेस म्हटली की मेस.

मग टेगननं कचेरीला कळवलं, परिस्थिती बदलली आहे, पुन्हा बघा. फेलिसिटीचा फोन आला तेव्हा टेगन चुलीपासनं दोन हातांवर कपबश्या पुसत होती. नोलानं तिला बाहेर जायला सांगितलं नाही. मला तेव्हा ते बरं वाटलं नव्हतं.

"मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, तिची सगळी जबाबदारी तुमची आहे," फेलिसिटी म्हणाली. बाईचा आवाज वाईट नव्हता. तिला होय म्हणायचं होतं, पण विचारल्याशिवाय म्हणता येत नव्हतं. "आता काय बदललं?"

"आता मेस हाय. ती वाटणी भरती, मी रांधते."

"तुमचं तिच्याशी नातं काय?"

टेगनच्या हातातलं फडकं थांबलं.

"काय न्हाई," नोला म्हणाली.

"म्हणजे पालक म्हणून..."

"न्हाई. ती माजी कुणी न्हाई." शब्द असे आले जसे एकेक दगड उचलून ठेवावा. "ती तिची हाय."

"उद्या ती निघून गेली तर?"

"तर तिची जागा रिकामी. दुसरं कुणी आलं तर बसंल."

"आणि एखाद्या वेळी तिला पैसे देता आले नाहीत तर तुम्ही तिचा खर्च उचलाल का?"

ह्या प्रश्नाला मी कप खाली ठेवला. ही बाई खोटं बोलत नाही, आणि उपाशी माणसाला दारातनं परत पाठवत नाही, ह्या दोन्ही गोष्टी मला सारख्याच ठाऊक होत्या.

"थाळी पालथी," नोला म्हणाली.

"माफ करा?"

"माज्या मेसाचा नियम हाय, बाळा. वाटणी थकली की थाळी पालथी. चाळीस गड्यांला लावला, तिला बी लागू."

पलीकडं टाइप केल्याचा आवाज आला. मग फेलिसिटीनं आभार मानले. नोलानं फोन ठेवला, आणि पाठ आमच्याकडं करून बराच वेळ मटणावर मीठ टाकत राहिली. त्या रात्रीचं मटण कुणालाही खाता आलं नाही. टेगननं पूर्ण थाळी संपवली आणि म्हणाली, "बुटाला चाललं असतं, कुकी."

दर मिळाला. टायर आला. टेगन चौकशीला जायला लागली, कधी कापसाच्या जिनिंगवर, कधी म्हाताऱ्यांच्या आश्रमात. कुणी ठेवलं नाही लगेच, पण परत या म्हणालं. वाटणी वेळेवर बरणीत पडत राहिली.

आणि मग थंडी पडायच्या सुमाराला एक पंधरवडा भत्ताच आला नाही. काम लावून देणाऱ्या संस्थेत भेटीची वेळ होती. वाटेत कांगारू आडवा आला, गाडी खड्ड्यात गेली, फोनला रेंज नाही. भेट हुकली, भत्ता थांबला. रेंजमध्ये आल्यावर तिनं फोन लावला, तर चौकशी झाल्यावर सुरू होईल म्हणाले, आणि तेवढंच तिनं नोलाला कळवलं. टेगन दिवेलागणीला मागनं येणाऱ्या ट्रकमधनं परत आली, गुडघा फुटलेला, केसांत धूळ. मी टेबलाशी बसून माझं संपवत होतो.

ती आत आली आणि टेबलाशी थांबली. टेबलावर तिची जागा मांडलेली होती. काटा, सुरी, आणि थाळी पालथी.

नोला चुलीकडं तोंड करून उभी होती. टेगननं मान हलवली, एकदाच, जशी शेडवरचे गडी हलवायचे. ती रागावली नव्हती. नियम तिनंच हात वर करून घेतला होता.

"बरोबर हाय," ती म्हणाली, आणि परसाकडं वळली. "शेवया हायत माझ्याकडं."

"बूट काढल्याशिवाय आत आलीस," नोला न वळता म्हणाली. "आणि टेबलाशी येऊन थाळीला हात न लावता चाललीस. कुठल्या मेसात असं चालतंय?"

टेगन परत आली. थाळी उचलली. तिच्याखाली झाकलेल्या दुसऱ्या खोल थाळीत तीन चापा, बटाटे, वाटाणे, आणि वाफ अशी वर आली की तिचं तोंड दिसेना.

"वाटणी न्हाई दिली मी," ती म्हणाली.

"म्हाईत हाय. म्हनून तर पालथी हाय." नोलानं आता तिच्याकडं बघितलं, गुडघ्याकडं बघितलं, आणि कपाटातनं बँडेजची पेटी काढून टेबलावर ढकलली, हातात दिली नाही. "पैसं आलं की दोन्ही पंधरवड्यांची वाटणी भर. गाडी काढायला लंब्याला विचार, माजं कायबी लागत न्हाई त्यात."

टेगन खायला लागली. निम्मं झाल्यावर तोंड भरलेलं असताना म्हणाली, "वातड हाय, आज्जे."

"कुकी म्हन," नोला म्हणाली, आणि तिच्या चहात साखर टाकली.